ई-रीडर घेऊ का? आधी शेवटची दहा पुस्तकं आठवा

ई-रीडर घेऊ का, हा प्रश्न मला महिन्यातून एकदा तरी कोणीतरी विचारतंच. बहुतेक वेळा पंचवटी एक्स्प्रेसमध्ये, कारण तिथे सगळे मोबाईलमध्ये डोकं घालून बसलेले असतात आणि मी एकटाच ती पाटीसारखी वस्तू हातात धरून, त्यामुळे शेजारचा आधी तिरक्या नजरेनं बघतो, मग इगतपुरी आली की न राहवून विचारतो, "हा टॅब आहे का?" टॅब नाही, नुसती ई-पुस्तकं वाचायचं कागदासारख्या पडद्याचं यंत्र आहे. आणि घेऊ का याचं उत्तर कसाऱ्याच्या घाटात पाच मिनिटांत देता येत नाही, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतो.

मी नाशिकरोडचा, आठवड्यातून तीन दिवस मुंबई करतो, साधारण आठ वर्षं ई-रीडर वापरतोय. एक मोडला, एक अण्णांकडे गेला, तिसरा आत्ता बॅगेत आहे. म्हणजे मला हे यंत्र आवडतं हे धरूनच वाचा. तरी चार-पाच जणांना मीच घेऊ नका म्हणून सांगितलंय आणि त्यातला एकही नंतर हळहळला नाही.

लोक सुरुवात करतात ती स्क्रीन किती इंच, मेमरी किती जीबी, कुठलं मॉडेल लेटेस्ट इथून. ते सगळं शेवटी बघायचं. आधी एक कागद घ्या आणि त्यावर तुम्ही शेवटची वाचून संपवलेली दहा पुस्तकं लिहा. आणलेली नाही हां, संपवलेली. पुस्तक प्रदर्शनातून पिशवी भरून आणलेली आणि अजून शोकेसमध्ये असलेली यात धरायची नाहीत. प्रत्येकापुढे लिहा की भाषा कोणती, कुठून मिळालं, आणि पुस्तक कसलं म्हणजे सलग वाचायचं की मागे-पुढे चाळायचं की चित्रं-तक्ते बघायचं. दहा आठवत नसतील तर तेही उत्तरच आहे, कारण यंत्र आलं की वाचन वाढेल असं वाटतं खरं, पण ट्रेडमिल घेतल्यावर किती जण पळतात ते आपल्याला माहितीये. त्यावर कपडे वाळतात.

माझा एक मित्र सातपूरला कंपनीत आहे, त्याला बसवून मी ही यादी करायला लावली. दहापैकी सहा सावानातून आणलेली, दोन मित्रांकडून, एक दिवाळी अंक आणि एक व्हॉट्सॲपवर आलेली पीडीएफ. आता सावाना म्हणजे आपलं सार्वजनिक वाचनालय १८४० पासून चालू आहे आणि तिथली अर्धी कपाटं अशी आहेत की त्यातल्या पुस्तकांची नवी आवृत्तीच निघालेली नाही, ई-पुस्तक कुठून असणार. आम्ही दहाच्या दहा शोधली, एक सापडलं. म्हटलं भाऊ, तुझे पंधरा हजार वाचले, मिसळ तू दे. दिली त्यानं, जास्तीच्या पापडासकट.

तर ही दुसरी पायरी झाली, यादीतलं प्रत्येक पुस्तक ई-पुस्तक म्हणून मिळतं का ते शोधणं. यंत्र घ्यायच्या आधी शोधा, नंतर नाही. किंडलच्या, म्हणजे ॲमेझॉनच्या ई-रीडरच्या, दुकानात मराठी पुस्तकं अधिकृतपणे यायला लागली डिसेंबर २०१६ मध्ये, हिंदी, गुजराती, तमिळ, मल्याळमबरोबर, आणि तेव्हापासून बरीच भर पडली आहे, तरी इंग्रजीत जसं नाव टाकलं की पुस्तक हजर तसं मराठीत अजून होत नाही. काही लेखकांचं सगळं मिळतं, काहींचं एकही नाही. शिवाय काही मराठी दुकानांची ई-पुस्तकं फक्त त्यांच्याच ॲपमध्ये उघडतात, ती किंडलवर जात नाहीत, त्यासाठी मोबाईल, टॅब किंवा मग अँड्रॉइडवर चालणारा ई-रीडर लागतो, ओनिक्स बुक्ससारखा, जो महाग पडतो. हे आधी माहीत नसलं की घरी यंत्र येतं आणि विकत घेतलेली पुस्तकं दुसऱ्याच पेटीत कुलूपबंद.

फुकट आणि कायदेशीर काय मिळतं तेही बघून ठेवा. आपल्याकडे लेखक गेल्यावर ६० वर्षांनी कॉपीराइट संपतो. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणजे त्यांचं लेखन २०११ पासून सगळ्यांसाठी मोकळं आहे (गुरुजी १९३३ मध्ये आपल्या नाशिकच्याच तुरुंगात लिहीत बसले होते हे पोरांना सांगा कधीतरी). उलट तात्यासाहेब शिरवाडकर गेले १९९९ मध्ये, म्हणजे कुसुमाग्रज फुकट वाचायचे तर २०६० उजाडेल, तेव्हा ते विकतच घ्या. मोकळी पुस्तकं मराठी विकिस्रोतावर आहेत आणि तिथून थेट ई-पब फाइल (अक्षर लहान-मोठं केलं की ओळी आपोआप जुळवून घेणारी) उतरवता येते, ती ई-रीडरवर मस्त चालते. ई साहित्य प्रतिष्ठान, राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ यांच्याकडेही भरपूर आहे पण ते मुख्यतः पीडीएफमध्ये, आणि पीडीएफ म्हटलं की वेगळीच कथा सुरू होते, ती खाली सांगतो. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या चोरीच्या पीडीएफबद्दल एवढंच म्हणतो की लेखकाचे पैसे बुडतात हे तर आहेच, पण वर त्या वाचवतही नाहीत, पान तिरकं आणि कोपऱ्यात स्कॅन करणाऱ्याचा अंगठा.

आता स्क्रीन. यंत्राचे बरेचसे गुण आणि बरेचसे दोष एकाच गोष्टीतून येतात म्हणून जरा समजून घ्या. ई-रीडरची स्क्रीन ई-इंकची असते, तिच्यात केसाच्या जाडीइतक्या बारीक लाखो कुप्या, त्यात काळे आणि पांढरे कण तरंगत असतात आणि दोन्हींचा विद्युतभार उलटा असतो. खालून भार बदलला की पांढरे वर येतात किंवा काळे वर येतात, बस. अक्षर दिसतं ते बाहेरचा उजेड त्या कणांवरून परत फिरून, अगदी कागदासारखं. ही कल्पना अमेरिकेत एमआयटीतून निघाली, १९९७ मध्ये तिची कंपनी झाली, २००४ मध्ये सोनीनं जपानात पहिला असा ई-रीडर काढला आणि २००७ मध्ये किंडल आलं. तेव्हापासून मूळ तत्त्व तेच आहे.

आता यातून काय काय निघतं बघा. कण एकदा जागेवर बसले की बसले, पान तसंच ठेवायला वीज लागत नाही, वीज लागते ती पान उलटताना आणि पुढचा दिवा लावला तर त्याला. म्हणून बॅटरी आठवडेच्या आठवडे. पण जाहिरातीतल्या आठवड्यांचा हिशेब नीट वाचा, किंडलच्या २०२१ च्या पेपरव्हाइट मॉडेलला १० आठवडे लिहिलं होतं ते रोज अर्धा तास वाचन आणि वायफाय बंद धरून. म्हणजे ७० दिवस गुणिले अर्धा तास, ३५ तास झाले. माझ्यासारखा जाऊन-येऊन सात-आठ तास गाडीत काढणारा माणूस ते दोन आठवड्यांच्या आत संपवतो. तरी वाईट नाहीच, मोबाईल संध्याकाळी परतीच्या गाडीत कल्याण यायच्या आत मान टाकतो.

दुसरं, उन्हात जितकं ऊन जास्त तितकं अक्षर स्वच्छ. सोमेश्वरला धबधब्यापाशी दुपारी बसून मोबाईल वाचून दाखवा आणि ई-रीडर वाचून दाखवा, पाच मिनिटांत फरक कळेल. रात्री मात्र दिवा लागतो, तो स्क्रीनच्या कडेला असतो आणि उजेड पानावर पसरवतो, मोबाईलसारखा मागून डोळ्यात मारत नाही. त्याला पिवळसर छटा करता येते का बघा, मला ती छटा असणं आता गरजेचंच वाटतं. डोळे अजिबात दुखत नाहीत असं कोणी सांगितलं तर मान हलवा आणि सोडून द्या. खराब दिव्यात चार तास कागदाचं पुस्तक वाचलं तरी डोळे दुखतात.

आणि दोष. कण हलायला वेळ लागतो, त्यामुळे सगळं संथ. पान उलटलं की एक झपका मारतो, मधूनमधून सगळी स्क्रीन काळी होऊन परत पांढरी होते, आणि कधी आधीच्या पानाची भुतं पुसट मागे राहतात. पहिल्या दिवशी चीड येते, चौथ्या दिवशी दिसत नाही. पण स्क्रोल करणं, झूम करणं, पटकन पन्नास पानं मागे जाऊन एक तक्ता बघून परत येणं हे चौथ्या दिवशीच काय चारशेव्या दिवशीही वैतागवाणंच. म्हणून कादंबरी, चरित्र, कथा, सलग वाचायचं ललित, यासाठी ई-रीडर राजा. एमपीएससीची पोरं विचारतात, कॉलेजरोडच्या अभ्यासिकेतली एक मुलगी परवाच विचारत होती, "दादा, किंडल घेतलं तर सगळे पीडीएफ त्यात बसतील ना?" बसतील गं, १६ जीबीत तुझं आख्खं कपाट बसेल, वाचता येणार नाहीत. तिला दहा इंची साधा टॅब घ्यायला सांगितलं, लोकराज्यचे अंक, बालभारतीची पुस्तकं, नकाशे, सगळं रंगीत आणि आडवं-उभं करून बघता येतं.

रंगीत ई-रीडर पण आलेत की, असं म्हणाल. आलेत. पण सध्या चालणाऱ्या कलिडो ३ पडद्यावर काळी अक्षरं ३०० पीपीआयनं दिसतात आणि रंग १५० नं, शिवाय रंगाची जाळी वर असल्यामुळे पांढरा भाग राखाडी पडतो. किशोरचे जुने अंक मुलीला दाखवू म्हणून त्यावर खर्च करू नका, ते टॅबवर जास्त खुलतात. पीपीआय म्हणजे एका इंचात किती ठिपके, आणि साध्या काळ्या-पांढऱ्यात ३०० च्या खाली जाऊ नका, कारण आपली लिपी. इंग्रजीचा ए १६७ मध्येही ओळखू येतो, पण "द्ध" आणि "द्व" मधला फरक, किंवा "क्ष्म"च्या आतली रेघ, तिथे कमी ठिपक्यांत नुसता डाग दिसतो. जुनी स्वस्तातली मॉडेलं १६७ ची होती, सेकंडहँड बाजारात ती अजून फिरतात, हे ध्यानात असू द्या.

लिपीवरून आता माझी आवडती चाचणी. कोणाचा तरी ई-रीडर दोन-चार दिवस मागून आणा, सोसायटीत नाहीतर ऑफिसात एखाद्याकडे कपाटात पडलेला असतोच, आणि त्याच्यावर स्वतः बनवलेली एक छोटी फाइल टाका. किंडल असेल तर मेलनं किंवा वेबसाइटवरून पाठवता येते, ई-पब चालते २०२२ पासून, मेलनं ५० एमबीपर्यंत आणि वेबसाइटवरून २०० पर्यंत. फाइलमध्ये ही ओळ लिहा:

दुसऱ्या तऱ्हेचं वाङ्मय, उद्ध्वस्त वाड्यातली कुऱ्हाड, ॲसिडिटी, ज्ञानेश्वरी, ब्रह्मगिरीवरचं वारं.

आता वाचा. "दुसऱ्या"तला अर्धा र आडवा, मिशीसारखा दिसतोय का, की त्याचा रफार होऊन य च्या डोक्यावर जाऊन बसलाय? ही भानगड यंत्राची नाही तर फाइलची पण असू शकते, कारण तो आडवा र कॉम्प्युटरमध्ये दोन-तीन तऱ्हांनी लिहिला जातो आणि त्यातल्या एका पद्धतीत एक अदृश्य जोडखूण असते, फाइल एका प्रकारातून दुसऱ्यात करताना ती गळून पडली की झालं, आख्ख्या पुस्तकात "दुसर्या", "वार्यावर", "बिचार्या". मी एक तीनशे पानांचं पुस्तक असं वाचलंय, शेवटी शेवटी मला त्याची सवय झाली होती ही जास्त वाईट गोष्ट. याच कारणानं शोध पण फसतो, तुम्ही एका पद्धतीनं टाइप करता, पुस्तकात दुसऱ्या पद्धतीनं असतं, यंत्र म्हणतं सापडलं नाही आणि शब्द समोर दिसतोय. ॲ च्या जागी चौकोन आला तर फॉन्ट जुना. "ङ्म" मोडून ङ् आणि म शेजारी-शेजारी उभे राहिले तर चालवून घ्या, तेवढं मी सोडतो.

मग अक्षर मोठं करत जा. इंग्रजीत हे सोपं असतं, मराठीत शब्द लांब, एका ओळीत चार-पाच शब्द उरतात आणि दोन्ही कडा सरळ ठेवायच्या नादात यंत्र मधे इतकी जागा सोडतं की ओळ दात पडल्यासारखी दिसते. सेटिंगमध्ये डावीकडून सरळ असा पर्याय आहे का बघा, तो लावला की सुटतं. कवितेला मात्र इलाज नाही. कवीनं जिथे ओळ तोडली तिथे न तुटता यंत्राला वाटेल तिथे तुटते, आणि शेवटचा एक शब्द खाली एकटा लोंबतो. कविता वाचणाऱ्यांनी कागदच धरावा हे माझं ठाम मत आहे. एखाद्या शब्दावर बोट दाबून अर्थ येतो का तेही याच चाचणीत बघून घ्या, इंग्रजी पुस्तकं वाचणाऱ्याला या एका सोयीसाठी यंत्र घ्यावंसं वाटतं.

पीडीएफची चाचणी तर यंत्राशिवायच होते. ए-फोर कागद २१ सेंटिमीटर रुंद, सहा इंची ई-रीडरची स्क्रीन साधारण नऊ. म्हणजे पान ४३ टक्क्यांवर येतं, बारा पॉइंटचं अक्षर पाच पॉइंटचं होतं. कुठल्याही झेरॉक्सवाल्याकडे जा, तुमच्या पीडीएफचं एक पान प्रिंट करा आणि त्याला म्हणा ४३ टक्के रिडक्शन मार. दोन-चार रुपयांत कळेल वाचता येतं की नाही. सात इंचीला ५० टक्के मारायला सांगा. डेमी आकाराच्या, म्हणजे आपल्या नेहमीच्या कादंबरीच्या आकाराच्या पानाचं स्कॅन सहा इंचीवर ६५ टक्क्यांच्या आसपास येतं, ते तरुण डोळ्यांना चालतं, चाळिशी लागलेल्यांना नाही. मला चालत नाही.

पीडीएफचं ई-पब करून घेऊ ना, कॅलिबर नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, असं कोणीतरी सांगेलच. इंग्रजीत होतं बऱ्यापैकी. मराठीत आधी एक करून बघा, पीडीएफमधली एक ओळ कॉपी करून मेलमध्ये पेस्ट करा. मराठीच उमटली तर आशा आहे. रोमन अक्षरं, डॉलर आणि कंस उमटले तर ते पुस्तक युनिकोडच्या आधीच्या, श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये बसवलेलं आहे, दिसायला मराठी पण कॉम्प्युटरच्या पोटात भलतंच, आणि रूपांतर केलं की तेच भलतं बाहेर येणार. आणि काहीच कॉपी झालं नाही तर तो नुसता फोटो आहे. माझ्याकडच्या जुन्या पीडीएफमध्ये या शेवटच्या दोन प्रकारांचीच भरताड आहे, रविवारच्या रविवार घालवून मी हे शिकलोय.

आता मोडलेल्याची गोष्ट. पहिलं यंत्र घेऊन वर्ष-सव्वा वर्ष झालं होतं, कंपनीचं नाव जाऊ द्या. पावसाळ्यातला सोमवार, गाडीला ही गर्दी, बॅग पोटाशी धरून उभा होतो आणि बॅगेत यंत्राला खेटून स्टीलचा डबा. कल्याणला बसायला जागा मिळाली, यंत्र उघडलं तर वरच्या अर्ध्या भागात पान ११२ आणि खालच्या अर्ध्यात उभ्या रेघा. पान उलटलं तर रेघा हलल्या, वरचं ११२ तसंच. किती बटणं दाबली, बंद करून चालू केलं, ११२ हलेना. वरून काचेला एक ओरखडाही नव्हता. आतली पातळ काच दाबानं तडकली होती आणि कण जिथल्या तिथे गोठले होते, वीज नसताना चित्र टिकतं हा जो गुण वर सांगितला तोच असा वाकुल्या दाखवत होता. कस्टमर केअरनं सांगितलं की स्क्रीन बदलून मिळत नाही, नव्यावर थोडी सूट देऊ. एमजी रोडवर दोन-तीन मोबाईल दुरुस्तीवाल्यांना दाखवलं, एकानं हातात घेऊन फिरवून फिरवून बघितलं आणि म्हणाला, "साहेब, हे कॅल्क्युलेटर आहे का?"

तेव्हा कडक पुठ्ठ्याचं कव्हर यंत्राच्या किमतीतच धरा, वेगळा खर्च म्हणून नाही. आणि डबा दुसऱ्या कप्प्यात. पाण्याचं तेवढं भय नाही, आयपीएक्स८ लिहिलेली मॉडेलं गोड्या पाण्यात दोन मीटर खोल तासभर टिकतात म्हणतात, इगतपुरीच्या पावसात खिडकीतून शिंतोडे आले तर काही होत नाही, फक्त थेंब पडला की स्क्रीनला बोट लागल्यासारखं वाटतं आणि पानं आपोआप उलटत सुटतात. स्वस्त मॉडेलला ही सोय बऱ्याचदा नसते, विचारून घ्या.

मालकीचं एकदा डोक्यात घ्या. कागदाचं पुस्तक विकत घेतलं की तुमचं, मावशीला द्या, वाचनालयाला द्या, रद्दीत घाला. ई-पुस्तक घेतलं म्हणजे बहुतेक दुकानांत वाचायचा परवाना घेतला. २००९ मध्ये ॲमेझॉननं अमेरिकेत विकलेली पुस्तकं हक्कांचा घोळ निघाला म्हणून लोकांच्या यंत्रातून परस्पर काढून घेतली होती, पैसे परत दिले पण पुस्तक गेलं. मायक्रोसॉफ्टनं २०१९ मध्ये ई-पुस्तकांचं दुकानच बंद केलं, तिथेही पैसे परत, पुस्तकं गायब. आणि किंडलची पुस्तकं कॉम्प्युटरवर उतरवून यूएसबीनं यंत्रात टाकायची जी सोय होती ती २६ फेब्रुवारी २०२५ पासून बंद झाली. मी म्हणून एक वाटणी केली आहे, एकदा वाचून सोडायचं ते ई-पुस्तक, पुन्हा उघडावंसं वाटेल किंवा कोणाला द्यावंसं वाटेल ते कागदावर. यंत्र घ्यायच्या आधी तुमच्या यादीतल्या दहांपुढे या दोनपैकी एक खूण करून बघा, मला आठ-दोन अशी आली होती. बायकोला दोन-आठ आली, तिनं घेतलं नाही.

पैशाचा हिशेब असा. समजा कव्हरसकट पंधरा हजार, आणि पाच वर्षं चाललं, तर वर्षाला तीन हजार, महिन्याला अडीचशे. पुस्तकांचे पैसे वेगळे. मराठी ई-पुस्तक कागदापेक्षा फार स्वस्त असतंच असं नाही, तेव्हा यंत्राचे पैसे पुस्तकांच्या बचतीतून सुटतील असा हिशेब मराठी वाचकानं करू नये. इंग्रजी वाचणाऱ्याचे सुटू शकतात, महिन्याच्या वर्गणीवाली योजना घेऊन रपाटून वाचणाऱ्याचेही सुटतात. माझे सुटले नाहीत. मी ते गाडीतल्या तासांचे पैसे म्हणून धरतो, आणि घाटात बोगदे लागून रेंज गेली की सगळ्या डब्याची रील अडकते तेव्हा माझं प्रकरण चालूच असतं, यालाही काही किंमत आहे.

अण्णांचं सांगायचं राहिलं. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावरही बारीक छपाई दिसेना, आणि जाडजूड किलोभर ठोकळे हातात धरवेनात. मी माझं दुसरं यंत्र त्यांना दिलं, पावणेदोनशे ग्रॅमच्या आसपास वजन, अक्षर मोठं करून, डावीकडून सरळ लावून. पहिला आठवडा रोज फोन. "अरे हे पान आपोआप पुढे गेलं." "अण्णा, अंगठा लागला असेल, कडेला धरा." "कडेलाच धरलंय रे, कड आहेच केवढी." बरोबर होतं त्यांचं, जुन्या हाताला ती कड पुरत नाही. म्हणून घरातल्या वयस्कर माणसासाठी घेत असाल तर रुंद कडेचं किंवा पान उलटायचं खरंखुरं बटण असलेलं मॉडेल शोधा, थोडं महाग पडलं तरी, आणि पासवर्ड वगैरे काही ठेवू नका, खरेदीचा बाजार सेटिंगमधून बंद करता आला तर करा. अण्णांनी एकदा चुकून एकाच लेखकाची तीन पुस्तकं घेतली होती. वाचली पण तिन्ही.

इतकं सगळं करून यंत्र घ्यायचंच ठरलं तर नवीन घ्यायची घाई नको, सेकंडहँडमध्ये जवळजवळ न वापरलेले भरपूर मिळतात, ट्रेडमिलचं वर सांगितलंच. भेटायला कॉफी शॉपमध्ये न बोलावता उजेडात बोलवा. आधी पूर्ण पांढरं पान उघडून रेघ किंवा ठिपका दिसतो का बघा, मग सावलीत जाऊन दिवा पूर्ण वाढवून खालच्या कडेला डाग-डाग उजेड पडतो का बघा. चार्जिंगचं भोक यूएसबी-सी आहे का जुनं मायक्रो, जुनं असेल तर मॉडेल किती जुनं ते आपोआप कळतं आणि भाव पाडायला बरं पडतं. बॅटरी किती टक्के आहे ते बघून वायफाय चालू ठेवून तिथेच वीस मिनिटं गप्पा मारा, परत बघा, चार-पाच टक्के उतरली असेल तर राम राम करा. सगळं ठीक असलं तर विकणाऱ्याला त्याचं खातं तुमच्या समोर काढायला लावा आणि तुमचं टाकून एक फुकटचं पुस्तक उतरवून बघा. ते उघडलं, त्यातला "दुसऱ्या" नीट दिसला, की मग पैसे द्या.